साबिकी गुंतू नये म्हणून घरच्या घरी फोमची फिरकी

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाऱ्यासाठी लहान मासे धरायला सहा गळांची साबिकी, म्हणजे एकाच दोरावर ओळीने बांधलेले बारीक गळ, वापरतो. पाकिटातून काढल्यावर पहिल्या दिवशी ती उत्तम चालते, पण परत ठेवताना मूळ पुठ्ठ्यावर काही बसत नाही. पुढच्या वेळी उघडावी तर सगळे गळ एकमेकांत अडकलेले. मग कापून टाका आणि नवीन पाकीट फोडा. घरी करता येईल आणि वर्षभर टिकेल असं साठवणीचं साधन कोणतं?

उत्तर आहे फोम चढवलेल्या पाइपची फिरकी. पण पाइपवर फोम चढवला, दोर गुंडाळला, काम झालं असं समजून बनवलेल्या बऱ्याच फिरक्या दोन-चार वापरांत निकामी होतात. कारण फिरकीचा व्यास, गळ खोवायची पद्धत आणि गुंडाळायची दिशा या तिन्ही गोष्टी अंदाजाने केलेल्या असतात. त्या एकदा समजून घेतल्या तर अर्ध्या तासात फिरकी तयार होते.

आधी गुंता का होतो ते पाहू. साबिकी म्हणजे साधारण सव्वा ते पावणेदोन मीटरचा मुख्य दोर. वरच्या टोकाला स्विव्हल (गरगर फिरणारी कडी), खालच्या टोकाला शिसं अडकवायचा स्नॅप (उघड-मिट होणारा आकडा) आणि मध्ये ठरावीक अंतरावर बाहेर निघालेले आखूड फाटे. प्रत्येक फाट्याच्या टोकाला बारीक गळ, त्यावर माशाच्या कातड्याची किंवा चमकीची पट्टी आणि बहुधा एखादा रंगीत मणी. मुख्य दोर एकटा असता तर तो खिशात कोंबला तरी सुटला असता. अडचण करतात ते फाटे. सहा मोकळ्या गळांच्या पंधरा जोड्या होतात आणि त्यांतली एक जोडी अडकली की तुम्ही दोर ओढता, त्या ओढीने बाकीचे फाटे जवळ येतात आणि पुढचं आपोआप होतं. म्हणून दोर गुंडाळून ठेवणं हे साठवणीचं दुय्यम काम आहे. मुख्य काम म्हणजे प्रत्येक गळाला स्वतःची जागा देणं आणि सुटा करेपर्यंत त्याला तिथून हलू न देणं.

मूळ पुठ्ठा इथेच कमी पडतो. नवी, कोरडी साबिकी त्यावर कारखान्यात व्यवस्थित बसवलेली असते. एकदा वापरल्यावर फाटे वाकडे झालेले असतात आणि दोर किंचित ताणलेला असतो, त्यामुळे आधीच्या खाचांशी गळांचा मेळ बसत नाही. शिवाय पुठ्ठा खारं पाणी पितो आणि ते गळाशी धरून ठेवतो. साबिकीचे गळ बारीक तारेचे असतात, त्यांच्यावरचा सोनेरी किंवा निकेलचा थर पातळ असतो. ओल्या पुठ्ठ्यात दोन रात्री राहिले की टोकं तपकिरी होऊ लागतात.

व्यास ठरवणे

फिरकी बनवण्याआधी टेपने आपल्या साबिकीवरची दोन मापं घ्या: एका फाट्याच्या गाठीपासून पुढच्या फाट्याच्या गाठीपर्यंतचं अंतर आणि फाट्याची लांबी. समजा गाठींतलं अंतर 18 सेंटिमीटर आहे आणि फाटा 5 सेंटिमीटरचा आहे. फिरकीचा घेरही 18 सेंटिमीटरच्या आसपास ठेवला तर प्रत्येक वेढ्याला एक गळ येतो आणि सगळे गळ फिरकीच्या एकाच बाजूला, एका ओळीत बसतात. याचा फायदा मोठा आहे. उरलेली बाजू बोटांनी धरायला मोकळी राहते, सहाही गळ एका नजरेत दिसतात, आणि हलत्या होडीत किंवा अंधारात हात नेमका कुठे लावायचा नाही हे कळतं.

घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो: 18 भागिले 3.14, म्हणजे सुमारे 57 मिलिमीटर. 32 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर 13 मिलिमीटर जाडीचा फोम चढवला की एकूण 58 मिलिमीटर होतात, म्हणजे घेर 182 मिलिमीटर. अगदी जवळचं माप. गाठींतलं अंतर 20 सेंटिमीटर असेल तर 65 मिलिमीटरची पूल नूडल (पोहताना धरायची फोमची लांब नळी) जवळजवळ तंतोतंत बसते, तिचा घेर 204 मिलिमीटर भरतो. दोन-चार मिलिमीटरचा फरक पडला तर काही बिघडत नाही, ओळ किंचित तिरकी होते एवढंच. पण फरक दोन-अडीच सेंटिमीटरवर गेला की सहाव्या गळापर्यंत ओळ निम्मा घेर फिरून जाते आणि धरायला जागा उरत नाही.

25 मिलिमीटर पाइपवर 9 मिलिमीटर फोम, अशी 43 मिलिमीटरची बारीक फिरकीही बरेच जण करतात, कारण ती बॅगेत कमी जागा घेते. चालते, पण तिच्यावर 18 सेंटिमीटर अंतराचे गळ तीन बाजूंना विखुरतात. शिवाय व्यास जितका लहान, तितकं तंगूस (साबिकीचा नायलॉनचा दोर) त्या वळणाची सवय लवकर धरतं. पाण्यात सोडल्यावर मुख्य दोर स्प्रिंगसारखा राहिला तर फाटे त्याच्याभोवती पीळ घेतात. जागेची फारच अडचण नसेल तर 55 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये.

फोम कोणता

बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा. हे तपासायला तुकडा पाण्यात दाबून धरा आणि वर काढून पिळा. पाणी निघालं तर तो स्पंजच्या जातीचा आहे, नको. एसीच्या तांब्याच्या पाइपवर असतो तो काळा रबरी फोम सगळ्यात चांगला. तो गळ घट्ट धरतो आणि चीर दिली तरी परत मिटतो. पूल नूडलचा किंवा पाइपवर चढवायचा करड्या रंगाचा पॉलिइथिलीन फोम हलका आणि सहज मिळणारा, पण गळ आत-बाहेर करून त्याचे लचके लवकर निघतात. सहा-आठ महिन्यांनी बदलायची तयारी असेल तर हरकत नाही. थर्मोकोल मात्र पूर्णपणे वगळा. त्याचे मणी सुटतात, गळाच्या उलट्या काट्यात अडकतात, आणि नंतर पाण्यात जाऊन कचरा होतात.

नुसती नूडल, आत पाइप न घालता, वापरू नये. दोर जरा ओढून गुंडाळला की ती केळ्यासारखी वाकते, मग एका बाजूचे वेढे ढिले पडतात. तिच्या मधल्या भोकात बसेल असा पाइप किंवा लाकडी दांडा सरकवा. साबणाचं पाणी लावलं की सहज जातो.

एका फिरकीसाठी साहित्य

32 मिलिमीटर पीव्हीसी पाइप 20 सेंटिमीटर, 13 मिलिमीटर जाडीचा फोम 16 सेंटिमीटर, दुहेरी चिकटपट्टी, दोन मिलिमीटर जाडीचा इलॅस्टिक दोर 15 सेंटिमीटर, स्टेनलेस तारेचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा. हत्यारांत बारीक दातांची हॅक्सॉ, धारदार कटर, 4 मिलिमीटरच्या बिटासह ड्रिल आणि पॉलिश पेपर.

फोमची लांबी 16 सेंटिमीटर का, तर सहा गळांचे वेढे एकमेकांपासून 16 ते 18 मिलिमीटरवर ठेवायचे असतात. ते साधारण 10 सेंटिमीटर झाले. वरच्या आणि खालच्या मोकळ्या दोराचे दीड-दोन वेढे दोन्ही टोकांना जवळजवळ बसतात, त्यांना प्रत्येकी अडीच-तीन सेंटिमीटर. दहा गळांची साबिकी असेल तर फोम 23 सेंटिमीटर घ्या आणि पाइप 27.

पाइप कापा आणि दोन्ही कडा आतून-बाहेरून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, पण हॅक्सॉने कापलेल्या पीव्हीसीची कड तंगूस सहज खरवडते. पाइपवर दोन्ही टोकांपासून दोन-दोन सेंटिमीटर सोडून मधल्या भागावर दुहेरी चिकटपट्टीच्या तीन उभ्या पट्ट्या लावा आणि त्यावर फोम चढवा. फोमची नळी आधीच लांबीत चिरलेली असेल तर चीर मिटवायला रबराला चालणारं कॉन्टॅक्ट अॅधेसिव्ह दोन्ही कडांना लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा. ओलं असताना जोडलं तर जोड उकलतो. पाइप जोडायचं पीव्हीसी सॉल्व्हंट फोमवर वापरू नका. ते फोम धरत नाही आणि आतला पाइप मात्र मऊ करतं.

आता उघड्या राहिलेल्या दोन टोकांना काठापासून 7 मिलिमीटरवर एकेक 4 मिलिमीटरचं भोक पाडा. एका टोकाच्या भोकात साबिकीचा स्नॅप थेट अडकणार आहे, त्यामुळे ते भोक गुळगुळीत हवं. दुसऱ्या टोकाच्या भोकातून इलॅस्टिक ओवून त्याचा फास करा, आणि तारेचा इंग्रजी एस आकाराचा छोटा आकडा करून फासात अडकवा. या आकड्यात स्विव्हलचा डोळा येईल. तारेची टोकं आत वळवून चेपा.

इलॅस्टिकची जागा साध्या खाचेने भागेल असं वाटतं, पण भागत नाही. नायलॉनचं तंगूस पाणी पिऊन थोडं लांबतं आणि वाळताना आखडतं. फोमही दाबाखाली काही दिवसांनी किंचित बसतो. आज घट्ट असलेली गुंडाळी आठवड्याने ढिली होते आणि ढिल्या वेढ्यातूनच फाटे निसटतात. इलॅस्टिक तो फरक भरून काढतं. साधं रबरबँड मीठ आणि उन्हाने चिकट होऊन तुटतं, ते या कामाचं नाही. वेल्क्रोची पट्टी तर चुकूनही लावू नका, तिच्या मऊ बाजूत बारीक गळ असा अडकतो की कापूनच काढावा लागतो.

गळ खोवायच्या चिरा

गळ सरळ फोममध्ये टोचून ठेवणं ही सर्वांत प्रचलित पद्धत आणि फोम लवकर खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण. टोक आत गेल्यावर उलटा काटाही आत जातो आणि बाहेर काढताना फोमचा कण घेऊन येतो. काही वापरांनंतर तिथे खड्डा पडतो, आणि गळ नुसता टेकलेला राहतो. त्याऐवजी चिरा द्या. साबिकी एकदा चिरा न देता गुंडाळा, प्रत्येक गळ जिथे येतो तिथे पेनने खूण करा, ती उतरवा आणि मग कटरने प्रत्येक खुणेवर घेराच्या दिशेने 12 ते 15 मिलिमीटर लांब, 5 मिलिमीटर खोल चीर द्या. पाइपच्या लांबीच्या दिशेने नव्हे. गळ दोराच्या रेषेत झोपतो, त्यामुळे त्याचा बाक घेराच्या दिशेच्या चिरेतच पात्यासारखा आत जातो. फोमच्या दोन भिंती त्याला दोन्हीकडून दाबून धरतात आणि टोक पूर्ण झाकलं जातं. कातड्याची पट्टी आणि मणी बाहेरच राहू द्या, चिरेत कोंबलेली पट्टी चुरगळते.

5 मिलिमीटर ही खोली 8 ते 10 नंबरच्या गळांसाठी आहे (इथे नंबर वाढला की गळ लहान; जपानी नंबर उलटे असतात). 4 किंवा 6 नंबरचे मोठे गळ असतील तर 8 मिलिमीटरपर्यंत जा, पण आतल्या पाइपपर्यंत कटर नेऊ नका. पाइपला टेकलेलं गळाचं टोक बोथट होतं.

गुंडाळायची दिशा

सुरुवात खालून, स्नॅपच्या टोकाने करायची. स्विव्हल शेवटी.

याचं कारण वापरात आहे. साबिकी रॉडच्या दोराला जोडलेली असताना तुमच्या हाताशी मोकळं टोक खालचंच असतं. शिसं काढा, स्नॅप फिरकीच्या भोकात अडकवा आणि फिरकी फिरवत रॉडच्या टोकाकडे जा. वरचा भाग रॉड ताणून धरतो, त्यामुळे दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. सगळे गळ बसले की स्विव्हल आकड्यात घाला आणि मगच रॉडचा दोर सोडवा. पुढच्या वेळी उलट क्रम: आधी रॉडचा दोर स्विव्हलला जोडा, मग वरून एकेक गळ सोडवत उतरवा, शेवटी स्नॅपला शिसं लावा. कुठल्याही क्षणी हातातून सुटलं तरी साबिकी रॉडला बांधलेली आहे. उलट दिशेने गुंडाळलेल्या साबिकीत शिसं आधी लावावं लागतं. वजन लोंबत असताना सहा गळ सुटे करणं म्हणजे बोटात एक तरी गळ घुसणारच.

गुंडाळताना एक बारकावा आहे. गाठ फोमवर आली की फाटा पुढच्या बाजूला, म्हणजे अजून न गुंडाळलेल्या दोराच्या दिशेने ठेवायचा नाही. तो मागे वळवून, आधीचा वेढा आणि आताचा वेढा यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत, हलका ताणून ठेवायचा आणि गळ चिरेत बसवायचा. असं केलं की पुढचा कुठलाही वेढा त्या फाट्यावरून जात नाही. फाटा पुढे ठेवला तर पुढच्या वेढ्याला त्याच्या शेजारून किंवा वरून जावं लागतं, आणि सोडवताना वरचा वेढा खालच्या गळाला ओरबाडत येतो. फिरकीवरचे ‘आपोआप’ होणारे बहुतेक गुंते इथले असतात.

ताण किती? एखादा वेढा नखाने उचलून पाहा. दोन-तीन मिलिमीटर उचलला जावा आणि सोडल्यावर परत बसावा. उचललाच जात नसेल आणि दोर फोममध्ये रुतला असेल तर फार घट्ट झालं, दोर वळण धरणार. उचलून धरल्यावर तिथेच लोंबत राहिला तर ढिलं.

गुंडाळायच्या आधी साबिकी शिशासकट अर्धा मिनिट मोकळी लटकू द्यावी. वर येताना मासे गरगर फिरतात आणि मुख्य दोरात पीळ भरतात. तो पीळ तसाच गुंडाळला तर पुढच्या वेळी उतरवल्या-उतरवल्या फाटे दोराभोवती लपेटतात आणि दोष फिरकीला दिला जातो. लटकवूनही दोर फिरत नसेल तर स्विव्हल मिठाने जाम झालं आहे का ते पाहा.

बाहेरचं आवरण

फिरकी उघडी बॅगेत टाकली तर गळाचे बाक, मणी आणि पट्ट्या जाळीत, टॉवेलात, एकमेकींत अडकतात. आवरण हवंच. 58 मिलिमीटरच्या फिरकीला आतून किमान 70 मिलिमीटर व्यासाची नळी लागते, म्हणजे चहूबाजूंनी सहा मिलिमीटर मोकळे राहतात. पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासावरून ओळखला जातो आणि जाडी दाबाच्या वर्गानुसार बदलते. त्यामुळे 75 मिलिमीटरचा पाइप घेताना आतलं माप स्वतः मोजा. जाड भिंतीचा असला तर आत 70 भरत नाहीत. 65 मिलिमीटरच्या नूडलसाठी थेट 90 मिलिमीटरचा पाइप घ्यावा.

खालच्या टोकाला कॅप बसवा, तिला 6 मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा. वरचं टोक उघडं राहिलं तरी चालतं, फक्त फिरकी बाहेर पडू नये म्हणून आरपार एक भोक पाडून त्यातून दोरी ओवा. पाइपपेक्षा हलकं हवं असेल तर पेयाच्या प्लास्टिक बाटलीचा मधला सरळ भाग कापून नळी होते. पारदर्शक असल्यामुळे आत कुठली साबिकी आहे ते दिसतं. कापलेल्या कडेवर इन्सुलेशन टेप दुमडून लावा.

अशा 75 मिलिमीटरच्या सात नळ्या 23 सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या बादलीत उभ्या बरोबर मावतात, एक मध्ये आणि सहा भोवती. एकाच लांब पाइपवर तीन-चार साबिक्या गुंडाळायची पद्धतही आहे. लांबी वाचते खरी, पण दुसरी काढताना पहिली उघडी पडते आणि एकीचा गळ सुटला तर शेजारणीत जातो. एक फिरकी, एक साबिकी हेच बरं.

धुणं आणि वाळवणं

फिरकी कितीही चांगली केली तरी खारट, ओली साबिकी बंद नळीत ठेवली तर गंज चढणारच. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही, पण चिरांमध्ये ते अडकून राहतं आणि गळ नेमका तिथेच आहे. घरी आल्यावर फिरकी साबिकीसकट गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा. मग नळाखाली चिरांच्या ओळीवर पाण्याची धार फिरवा. गळांवर खवले किंवा चिकट बुळबुळीतपणा असेल तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. खवले निघालेच पाहिजेत, वाळल्यावर ते कडक होऊन पट्टीला घट्ट चिकटतात आणि कुजट वासाने मुंग्याही लागतात.

झटकून सावलीत, हवेशीर जागी फिरकी उभी ठेवा. किमान एक पूर्ण दिवस. दमट हवेत दोन. उन्हात वाळवायचा मोह टाळा, कारण खऱ्या माशाच्या कातड्याची पट्टी उन्हात आखडते आणि ठिसूळ होते. तंगूसही उन्हाने हळूहळू कमजोर होतं. गंज लागू नये म्हणून गळांवर मशीनचं तेल किंवा स्प्रे मारणारेही असतात. तो वास पट्टीत मुरतो, त्यामुळे नकोच. बंद डब्यात ठेवायचंच असेल तर पूर्ण वाळल्यावर सिलिका जेलची पुडी टाका. वापरलेल्या आणि न उघडलेल्या साबिक्या वेगळ्या डब्यांत ठेवा, राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि शेजारच्यांनाही गंजवतं.

गाडीच्या डिकीत फिरक्या कायमच्या ठेवू नयेत. ताणलेलं नायलॉन उष्णतेत वळण फार पक्कं धरतं. वळण धरलेली साबिकी सुधारायची तर शिसं लावून पाच मिनिटं पाण्यात लटकवा, किंवा दोन गाठींच्या मधला एकेक भाग ओल्या फडक्यात धरून हळू ताणा. उकळतं पाणी ओतू नका, पट्टी गळून येते.

दुसरे मार्ग, आणि ते कुठपर्यंत

सपाट पाटी: 10 मिलिमीटर जाड ईव्हीए फोमची 8 सेंटिमीटर बाय 15 सेंटिमीटर पाटी, लांब कडांना 16 मिलिमीटरवर खाचा. 18 सेंटिमीटर अंतराला 8 सेंटिमीटर रुंदी आणि 1 सेंटिमीटर जाडी म्हणजे प्रत्येक वेढ्याला एक गळ, सगळे एकाच कडेला. खिशात आणि झिपच्या पाकिटात मावते हा तिचा एकमेव गुण. कडेवर दोराला तीक्ष्ण मोड पडतो, म्हणून कडा गोल घासा आणि आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका.

चुंबकाची पट्टी आकर्षक दिसते, पण गळ चुंबकाकडे स्वतःहून सरकतात आणि सरकताना एकमेकांजवळ येतात. म्हणजे जे टाळायचं तेच. शिवाय चुंबकाला चिकटून राहिलेले पोलादी गळ नंतर एकमेकांनाही हलके चिकटू लागतात.

एका जागेवरून दुसरीकडे जाताना साबिकी रॉडवरच ठेवायची असेल तर होडीच्या कठड्याला 50 मिलिमीटर व्यासाचा, साबिकीपेक्षा 10 सेंटिमीटर लांब पाइप उभा बांधा. शिसं आधी आत सोडा, त्याच्या वजनाने गळ ओळीने मागोमाग जातात. खालच्या टोकाला आडवा बोल्ट घाला म्हणजे शिसं अडेल आणि पाणी निघून जाईल. वरची कड गरम करून बाहेर वळवा किंवा तिच्यावर चिरलेली रबरी नळी चढवा, नाहीतर वर ओढताना प्रत्येक गळ काठाला अडतो. ही सोय काही तासांची. यात गळ कुठेही धरलेले नसतात, शिसं ताणून धरतं म्हणूनच ते सरळ राहतात.

घाई असेल आणि हाताशी काहीच नसेल तर स्ट्रॉचे तीन सेंटिमीटरचे तुकडे लांबीत चिरून प्रत्येक गळावर चढवा आणि साबिकी चार बोटांभोवती गुंडाळून टेपने बांधा. घरी पोहोचेपर्यंत टिकते.

फिरकीवर काय लिहायचं

पाइपच्या उघड्या टोकावर पर्मनंट मार्करने गळाचा नंबर, गळांची संख्या, दोराची जाडी आणि पहिल्या वापराची तारीख लिहा. नंबर लिहिताना कोणत्या पद्धतीचा ते नोंदवा. जपानी पाकिटांवर नंबर वाढला की गळ मोठा होतो, इतर बऱ्याच कंपन्यांच्या पाकिटांवर नंबर वाढला की गळ लहान होतो. जपानी पाकिटावर बहुधा तीन आकडे असतात: गळ, फाट्याचा दोर, मुख्य दोर. दोराचे आकडेही जाडीचे थेट माप नसतात. तिथला 1 नंबर म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, 2 नंबर 0.235 आणि 3 नंबर 0.285. फिरकीवर मिलिमीटरच लिहिले तर नंतर तुटलेला फाटा बदलताना शोधाशोध होत नाही.

गुंडाळताना प्रत्येक फाटा गाठीजवळ दोन नखांमधून ओढून पाहायची सवय ठेवा. खरबरीत लागला, पांढुरका दिसला किंवा सुरळीसारखा आखडला असेल तर तो फाटा गाठीला लागून कापून टाका, मुख्य दोरावरची गाठ मात्र सोडवू नका. पाच गळांची साबिकी मासे धरते. तीनच गळ उरले, किंवा मुख्य दोरालाच ओरखडा लागला, की ती फिरकीवरून उतरवायची. गळ कापून झाकणाच्या डब्यात, तंगूस बारीक तुकडे करून कचऱ्यात. पाण्यात नाही. नव्या साबिकीचं गाठींतलं अंतर वेगळं असेल तर जुन्या चिरांच्या शेजारी नव्या देण्यापेक्षा फोम काढून पाइपवर उलट्या टोकाने चढवा आणि ओळ पलीकडच्या बाजूला घ्या. एक फोम असा दोन वेळा वापरता येतो.